दहा पौंडांचं घर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. गवतानं शाकारलेलं उतरतं छप्पर, पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, दारावर चढवलेला गुलाबाचा वेल. बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर आणि ख्रिसमसच्या भेटकार्डांवर हे घर इतक्यांदा छापलं गेलं आहे, की ते कुणीतरी विचार करून, हाताशी असलेल्या सामानातून, विशिष्ट गरजांसाठी बांधलं होतं हे आपण विसरूनच जातो. अशाच एका खऱ्या घराची ओळख आज करून घेऊ. ते कसं उभं राहिलं, त्यात माणसं कशी राहत, आणि पाडण्याची वेळ आली तेव्हा ते कुणी व कसं वाचवलं, हे समजून घेऊ.

हे घर इंग्लंडच्या दक्षिण टोकाला, ईस्ट ससेक्स परगण्यातल्या ॲल्फ्रिस्टन नावाच्या गावात आहे. साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या कुशीत, ककमेअर नावाच्या लहानशा नदीच्या काठी हे गाव वसलंय. गावाच्या मोकळ्या कुरणाच्या कडेला चौदाव्या शतकातलं सेंट अँड्र्यूचं चर्च आहे आणि त्याच्या शेजारी हे घर. त्याचं नाव क्लर्जी हाउस, म्हणजे पाद्र्याचं घर. नाव तसं असलं, तरी ते मुळात एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्यानं बांधलं असावं आणि पुढे चर्चच्या मालकीत आलं असावं, असं अभ्यासक मानतात. वय सुमारे सहाशे वर्षं. म्हणजे इथे बहामनी राज्य होतं, त्या काळात हे घर बांधलं गेलं.

साथीनंतरची सुबत्ता

सहाशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला एवढं भक्कम घर बांधणं कसं परवडलं? याचं उत्तर एका भयंकर संकटात सापडतं. १३४८-४९ साली प्लेगची साथ इंग्लंडमध्ये आली. इतिहासात तिला काळा मृत्यू म्हणतात. देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं त्या साथीनं नेली. जी वाचली, त्यांच्या वाट्याला ओस पडलेली जमीन आली. मजूर मिळेनासे झाले, त्यामुळे मजुरीचे दर चढले. सरदारांना स्वतःची शेती करणं जड जाऊ लागलं, आणि ते जमिनी खंडानं देऊ लागले. त्यातून गावोगाव एक नवा मध्यम शेतकरी उभा राहिला. इंग्रजीत त्याला योमन म्हणतात. तो सरदार नव्हता आणि वेठबिगारही नव्हता. पुढच्या दीडशे वर्षांत या माणसांनी केंट आणि ससेक्स या परगण्यांत जी घरं बांधली, त्यांतली शेकडो आजही उभी आहेत. या भागाला वील्ड म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच रान. म्हणून या धाटणीच्या घराला ‘वील्डन घर’ असं नाव पडलं.

रान होतं, म्हणून लाकूड होतं. आणि ते लाकूड होतं ओकचं. आपल्याकडे सागाला जो मान, तो तिथे ओकला. पण सागाच्या बाबतीत आपण लाकूड मुरवून मग वापरतो, तसं तिथले सुतार करत नसत. ओक वाळला की लोखंडासारखा कठीण होतो, हत्यार चालेनासं होतं. म्हणून तो ओला असतानाच तासायचा, सांधे पाडायचे आणि घर उभं करायचं. मग ते लाकूड घरात राहूनच पुढची काही वर्षं वाळत राहायचं. वाळताना ते आकसायचं, पीळ खायचं, थोडं वाकायचं. जुन्या इंग्रजी घरांच्या तुळया वाकड्यातिकड्या दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण. सुताराला हे ठाऊक असे. लाकूड जसजसं वाळेल तसतसा सांधा अधिक घट्ट बसेल, अशीच त्याची रचना असे.

सुताराची करामत

ही रचना समजून घेण्यासारखी आहे. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची आणि कुसू खाचेत बसवायचं. मग दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात ओकचीच खुंटी ठोकायची. यातली हुशारी भोकात आहे. कुसवातलं भोक आणि खाचेच्या बाजूंतलं भोक मुद्दाम किंचित मागेपुढे ठेवलेलं असतं. खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणू पाहते, आणि त्या ओढीनं सांधा करकचून आवळला जातो. सांगाडा उभा राहतो तो या खुंट्यांवर. त्यासाठी खिळे लागत नाहीत.

दुसरी गंमत म्हणजे हे घर आधी जमिनीवर आडवं तयार होई. सुतार आपल्या अंगणात एकेक चौकट मांडून, जुळवून पाहत. जुळलेल्या प्रत्येक जोडावर किंकऱ्यानं खूण करत. ही खूण बहुधा रोमन आकड्यांची असे, कारण सरळ रेघांचे आकडे लाकडावर कोरायला सोपे. मग चौकटी सुट्या करून बैलगाडीनं जागेवर न्यायच्या आणि खुणा पाहून पुन्हा जोडायच्या. आज कारखान्यात सुटे भाग बनवून घर जोडण्याला आपण आधुनिक तंत्र म्हणतो. त्या काळच्या सुताराला त्यात नवल वाटलं नसतं. या खुणा अशा घरांच्या तुळयांवर आजही दिसतात.

जोतं दगडाचं. ससेक्समध्ये बहुधा चकमकीच्या दगडाचं, कारण खडूच्या टेकड्यांत तो भरपूर सापडतो. त्या जोत्यावर आडवी तुळई, तिच्यावर खांब, खांबांवर पुन्हा तुळया आणि वर छप्पर. घराचा सगळा भार हा लाकडी सांगाडा पेलतो. भिंती फक्त मधल्या मोकळ्या जागा भरतात. या भिंती कशाच्या, हे सांगितलं तर कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला हसूच येईल. भिंती कुडाच्या! खांबांच्या मध्ये ओकच्या उभ्या काठ्या, त्यांच्यातून हेझेल नावाच्या झुडपाच्या लवचीक फांद्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि कापलेला पेंढा यांचं लिंपण करायचं. वर चुन्याचा हात. आपल्याकडचा कूड आणि त्यांचा कूड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ज्या माणसाजवळ झाडं, माती आणि गुरं आहेत, तो जगात कुठेही असला तरी साधारण याच उत्तरापाशी पोचतो, इतकंच.

जमिनीचंही तसंच. क्लर्जी हाउसच्या मधल्या दालनातली जमीन खडू कुटून, चोपून केलेली आहे आणि तिच्यावर आंबलेल्या दुधाचा हात फिरवलेला आहे. ससेक्समधली ही जुनी रीत. दुधातलं केसीन डिंकासारखं काम करतं. त्यानं पृष्ठभाग बांधला जातो आणि भुकटी उडत नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला यामागचं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही.

एका छपराखालची तीन घरं

आता घराच्या रूपाकडे वळू. वील्डन घर समोरून पाहिलं की त्याचे तीन भाग लगेच कळतात. दोन टोकांना दुमजली भाग आणि त्यांच्यामध्ये एक उंच दालन. टोकांकडच्या भागांचा वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे फूट-दीड फूट डोकावतो. मधल्या दालनाची भिंत मात्र सरळ वर जाते, त्यामुळे ती आत सरकल्यासारखी दिसते. पण या तिन्हींवर छप्पर एकच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. साहजिकच मधल्या भागात छपराची कड भिंतीपासून बरीच पुढे येते. तिला खालून आधार हवा. तो देतात टोकांकडच्या भागांतून निघून कमानीसारखे वाकलेले लाकडी हात. या वळणदार हातांमुळे घराला जी शोभा येते, तीच या घरांची ओळख होऊन बसली आहे.

वरचा मजला पुढे का काढायचा? जागा वाढते हे एक कारण. पण खेड्यात जागेची टंचाई नव्हती. तुळयांची टोकं भिंतीबाहेर काढून त्यांवर भार दिला की आतला भाग कमी लवतो, असंही सांगतात. मला विचाराल तर मोठं कारण प्रतिष्ठेचं असावं. ‘आमच्या घराला माडी आहे’ हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. तुळयांवर जास्तीचं लाकूड खर्च करायची ऐपत आहे, हेही दिसलं पाहिजे.

मधलं उंच दालन म्हणजे हॉल. घराचा प्राण तोच. जमिनीपासून छपराच्या आढ्यापर्यंत तो पूर्ण मोकळा; मध्ये मजला नाही. वर पाहिलं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारी जाडजूड तुळई दिसते, तिच्या मधोमध एक उभा, बहुधा कोरीव काम केलेला आखूड खांब, आणि त्या खांबावर पेललेली छपराची लांबच लांब लाकडं. सुतार आपली सगळी कला या ठिकाणी ओतत असे, कारण पाहुण्याची नजर तिथेच जाई.

हॉलच्या जमिनीवर, साधारण मध्यभागी, उघडी आग. धुराडं नाही. धूर वर चढायचा, छपराखाली साठायचा आणि गवतातून किंवा छपरातल्या झरोक्यातून हळूहळू बाहेर पडायचा. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर धुराचा एक थर कायम तरंगत असणार. डोळे चुरचुरत असणार. पण धुराचे उपयोगही होते. वर टांगलेलं डुकराचं मांस त्यात टिकायचं आणि छपराच्या गवतातली कीड कमी व्हायची. डेव्हनसारख्या परगण्यांत काही जुन्या घरांच्या छपरात सर्वांत खालचा मूळ थर अजून शिल्लक आहे, काजळीनं काळाकुळकुळीत झालेला. त्यातल्या काड्या आणि ओंब्या पाहून मध्ययुगात तिथे कोणतं धान्य पिकत होतं, याचा अभ्यास होतो. आज एखाद्या घराच्या माळ्यावर चढून वासे काळे आढळले, की जाणकार सांगतात, खाली कधीकाळी उघडी आग होती.

उघडी आग आणि गवताचं छप्पर हा धोक्याचा मामला. म्हणून रात्री ठरावीक वेळी घंटा होई आणि आग झाकून ठेवावी लागे. आग झाकणे याला फ्रेंचमध्ये जे शब्द आहेत, त्यांतूनच इंग्रजीतला ‘कर्फ्यू’ आला. दंगलीच्या बातम्यांत आपण वाचतो, तो कर्फ्यू मुळात चुलीचा.

असे बरेच शब्द या घरात दडलेले आहेत. हॉलच्या वरच्या टोकाला घरधन्याची बैठक. टेबल म्हणजे घोड्यांवर ठेवलेली फळी, म्हणजे बोर्ड. जेवण झालं की फळी उचलून भिंतीला लावायची. कंपन्यांच्या संचालकांचं ‘बोर्ड’ त्या फळीवरून आलं. इतर माणसं बाकांवर बसत. खुर्चीचा मान बहुतेक घरांत एकाचाच. हॉलच्या खालच्या टोकाला, घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जाणारी एक आडवी वाट. तिच्या पलीकडे दोन कोठ्या. एक पँट्री, म्हणजे पावाची कोठी. दुसरी बटरी. तिचा लोण्याशी संबंध नाही. बट म्हणजे पिंप, त्यावरून बटरी म्हणजे पेयांच्या पिंपांची कोठी. ‘बटलर’ हा शब्दही त्याच कुळातला. वरच्या टोकाला मागे घरधन्याची खासगी खोली आणि तिच्यावर माडीवर त्याची झोपायची खोली. बाकीची माणसं जागा मिळेल तिथे पथारी पसरत.

म्हणजे या घराचा नकाशा हाच तिथल्या समाजाचा नकाशा होता. एक टोक मालकाचं, एक टोक कामाचं, आणि मधला हॉल सर्वांचा. जेवायला धनी, त्याची बायको, मुलं आणि गडीमाणसं एकाच आगीभोवती, फक्त कोण कुठे बसणार हे ठरलेलं.

खिडक्यांना काच नसे. ती फार महाग. लाकडाचे उभे गज आणि आतून झडप, एवढंच. वारा आत यायचाच. इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्द जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्या संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. आणि गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. वारा आणि डोळा, दोन्ही कल्पना इकडेही सुचल्या होत्या.

धुराड्यानं केलेली क्रांती

मग हे घर बदललं कशानं? राजा बदलल्यानं नाही, तर विटांच्या धुराड्यानं. सोळाव्या शतकात विटा स्वस्त होऊ लागल्या आणि शेतकऱ्यांच्या घरांत धुराडी आली. धूर नळीतून वर जाऊ लागला, तेव्हा हॉल उंच ठेवण्याचं कारण उरलं नाही. लोकांनी मध्ये तुळया टाकून हॉलला मजला केला. वर आणखी खोल्या मिळाल्या. मालक आणि मालकीण वर गेले, नोकर स्वयंपाकघरात गेले आणि एका आगीभोवतीचं एकत्र बसणं संपलं. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन यानं १५७७ साली इंग्लंडचं वर्णन छापलं. त्यात तो सांगतो, की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत तीन गोष्टी फार बदललेल्या दिसतात : धुराड्यांची संख्या वाढली, अंथरूण-पांघरूण सुधारलं आणि लाकडी ताटल्यांच्या जागी कथलाच्या मिश्रधातूची भांडी आली. पुढे १९५३ साली डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानं या सगळ्या काळाला ग्रामीण इंग्लंडची पुनर्बांधणी असं नाव दिलं. त्याच्या सनावळीवर नंतर वाद झाले, पण बदल झाला हे कुणी नाकारत नाही.

हॉल या शब्दाचं पुढे काय झालं पाहा. इंग्लंडमध्ये घरातल्या खोल्या वाढत गेल्या तसा हॉल आक्रसत गेला. आज तिथल्या सामान्य घरात हॉल म्हणजे दारातून आत शिरल्यावरची कोट-छत्र्या टांगायची बोळकांडी. आपल्याकडे मात्र ‘वन बीएचके’मधला एच् म्हणजे बसण्या-उठण्याची, टीव्ही पाहण्याची आणि रात्री पाहुण्यांनी गादी घालून झोपण्याची खोली. म्हणजे त्या मध्ययुगीन हॉलचं काम आज डोंबिवलीतल्या आणि पिंपरीतल्या हॉलमध्ये जास्त चालतं.

आणखी एक समज इथेच दूर करायला हवा. पांढऱ्या भिंतींवरच्या काळ्याभोर पट्ट्या ही मूळ पद्धत नव्हे. ओक उघडा राहिला की काळ आणि पाऊस त्याला रुपेरी करडा रंग देतात. पुष्कळ ठिकाणी भिंतींबरोबर लाकडावरही चुना फासत. लाकूड डांबरानं काळं करण्याची फॅशन मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातली. तसंच, ‘आमच्या घराच्या तुळया जुन्या जहाजाच्या आहेत’ असं इंग्लंडमध्ये गावोगावी अभिमानानं सांगतात. बहुतेक वेळा ती दंतकथा असते. वाकडी तुळई आणि रिकामी खाच दिसली की लोकांना जहाज आठवतं. खरं तर ती खाच त्याच घरातल्या एखाद्या काढून टाकलेल्या भिंतीची असते. आता लाकडातली वर्षवलयं मोजून झाड कधी तोडलं हे पुष्कळदा नेमकं सांगता येतं. लाकूड ओलं वापरत असल्यामुळे झाड तोडल्याचं साल आणि घर बांधल्याचं साल यांत फार अंतर नसतं.

पाडायचं की राखायचं?

आता क्लर्जी हाउसच्या संकटाकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे घर मोडकळीला आलं होतं. पाद्री त्यात राहत नव्हता. घर गरीब भाडेकऱ्यांना दिलेलं होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी ते पाडायला परवानगीही दिली. पण तिथे राहणाऱ्या एका वृद्ध बाईनं अखेरपर्यंत इथेच राहू द्यावं अशी विनंती केली, आणि पाडापाडी लांबली. जुन्या वास्तू वाचतात त्यामागे पुष्कळदा असं एखादं साधं कारण असतं.

पुढे गावचे पाद्री एफ. डब्ल्यू. बेनन यांनी हे घर वाचवण्याचा ध्यास घेतला. त्यांनी आधी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेकडे धाव घेतली. ही संस्था कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस यानं १८७७ साली काढलेली. नंतर प्रकरण आलं नॅशनल ट्रस्टकडे. हा ट्रस्ट १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांनी स्थापन केला. यांतल्या ऑक्टेव्हिया हिलबाईंनी लंडनमधल्या गरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचलं होतं. त्या कामात त्यांना सुरुवातीला पैशाची मदत केली होती जॉन रस्किन यांनी. ज्यांच्या ‘अन्टू धिस लास्ट’ या पुस्तकानं पुढे गांधीजींवर खोल परिणाम केला, तेच हे रस्किन.

१८९६ साली ट्रस्टनं क्लर्जी हाउस दहा पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टनं घेतलेली ही पहिली इमारत. दहा पौंड तेव्हाही घराच्या मानानं नाममात्रच. खरा खर्च दुरुस्तीचा होता, खरेदीच्या कितीतरी पट, आणि तो लोकवर्गणीतून उभा करायचा होता. आज शेकडो वास्तू, मोठमोठे राजेशाही वाडे आणि मैलोन्‌मैल समुद्रकिनारा सांभाळणाऱ्या या संस्थेनं इमारतींची सुरुवात राजवाड्यानं केली नाही. एका कुडाच्या भिंतींच्या, गवती छपराच्या शेतकऱ्याच्या घरानं केली. साध्या माणसाचं घरही देशाचा ठेवा असू शकतं, हे त्या दहा पौंडांनी मान्य केलं. घराच्या दालनात लाकडावर ओकचं पान कोरलेलं आहे. ट्रस्टच्या बोधचिन्हातलं ओकचं पान तिथूनच सुचलं, असं म्हणतात.

घर घेतल्यावर प्रश्न आला दुरुस्तीचा. तो काळ ‘जीर्णोद्धारा’च्या हौसेचा होता. जुनी चर्चं खरवडून, नंतरच्या शतकांची भर काढून टाकून, ती ‘मूळ रूपात’ आणण्याची टूम निघाली होती. रस्किन यांनी १८४९ सालच्या आपल्या पुस्तकात असल्या जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा म्हटलं होतं. मॉरिसनं तोच विचार पुढे नेला : इमारत नव्यासारखी करू नका, ती टिकेल एवढंच करा. कुजलेला भाग तेवढा बदला, चांगला आहे तो राहू द्या, नवा जोड नवा म्हणून ओळखू येऊ द्या. क्लर्जी हाउसची दुरुस्ती करणारे वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल याच विचाराचे होते. म्हणूनच आज त्या घरात सहाशे वर्षांतल्या निरनिराळ्या पिढ्यांचे हात एकत्र दिसतात.

या विचाराचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९०२ साली भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झालेले जॉन मार्शल याच परंपरेत वाढलेले. त्यांनी १९२३ साली वास्तुजतनाची जी नियमपुस्तिका छापली, तिच्यावर मॉरिसच्या संस्थेच्या विचारांची स्पष्ट छाप आहे. आपले संरक्षित किल्ले आणि लेणी यांची डागडुजी कशी करावी, यावरच्या चर्चेत ती पुस्तिका पुढे अनेक दशकं प्रमाण राहिली.

आणि एक धडा अगदी व्यवहाराचा आहे. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा अनेक घरांच्या कुडाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला गेला. हेतू चांगला, भिंत मजबूत व्हावी. पण झालं उलटं. माती आणि चुना ओल शोषतात आणि कोरड्या हवेत ती सोडूनही देतात. लाकूड कोरडं राहतं. सिमेंटला सूक्ष्म तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडू शकत नाही. आतल्या आत तुळया कुजल्या. ओलसर ओक पोखरणारा एक भुंगा आहे, त्याचं फावलं. आता तिथे सिमेंट काढून पुन्हा चुना आणि शेणमाती वापरण्याचं काम चालतं. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या चुना-मातीच्या भिंतींना सिमेंट थापून पोपडे धरलेले आपण पाहतो. कारण तेच आहे आणि उपायही तोच.

इंग्लंडमध्ये १९४७च्या कायद्यानं जुन्या इमारतींची सूची करण्याची पद्धत रूढ झाली. आज तिथल्या सूचीत साडेतीन लाखांहून अधिक नोंदी आहेत. सूचीतल्या घराच्या मालकाला परवानगीवाचून खिडकीसुद्धा बदलता येत नाही. काहींना हा जाच वाटतो, आणि अशा घरांची देखभाल महाग असल्यामुळे ती श्रीमंतांच्याच हाती जातात अशी तक्रारही आहे. ती खोटी नाही. ज्या घरात गडीमाणसं आगीभोवती पथारी पसरत, ते घर आज शेतमजुराला परवडणार नाही.

तरीही ॲल्फ्रिस्टनसारखं घर लोकांच्या मालकीचं राहतं, तेव्हा त्यात कुणालाही पाऊल टाकता येतं. आणि धूर भरलेला हॉल कसा दिसत असेल हे ज्यांना पाहायचंय, त्यांच्यासाठी ससेक्समध्येच सिंगलटन गावी एक उघडं संग्रहालय आहे. तिथे केंटमधलं ‘बेलीफ’ नावाचं वील्डन घर आणून पुन्हा उभं केलं आहे. जलाशयाच्या पाण्याखाली जाणार म्हणून ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस उतरवून घेतलं गेलं. खुंट्या काढल्या, सांधे सोडवले, सगळी लाकडं दुसरीकडे नेली आणि पुन्हा जोडली. सुतारानं पाचशे वर्षांपूर्वी जे केलं होतं, तेच उलट क्रमानं आणि मग सुलट क्रमानं. ज्या पद्धतीनं घर बांधलं होतं, त्याच पद्धतीनं ते वाचलं. खिळे ठोकलेलं, सिमेंटनं जखडलेलं घर असं सोडवून नेता आलं नसतं.

म्हणून आपल्या गावी एखादं जुनं घर उतरवायला काढलं असेल, तर कुऱ्हाड घालण्याआधी एकदा त्याच्या माळ्यावर चढून पाहावं. वासे काळे आहेत का, सांधे खिळ्यांचे की खुंट्यांचे, तुळईवर सुताराची काही खूण आहे का. त्या सुताराचं नाव आपल्याला मिळणार नाही. पण त्यानं कसा विचार केला होता, तो मात्र तिथे स्वच्छ वाचता येतो.